मोटारीची सायकल रस्त्यावर आणण्यापूर्वी

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून या मांडवात बियाणे, खते आणि ठिबक यांवर बरेच बोलणे झाले. माझा विषय शेताच्या बांधापलीकडचा आहे. शेतातून घरी, घरून डेअरीवर, डेअरीवरून बाजाराच्या गावाला आपण ज्या वाहनाने जातो, त्या वाहनाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. त्यातही विशेषकरून मोटार किंवा इंजिन बसविलेल्या सायकलींविषयी.

सायकलीला पायाऐवजी यंत्राचे बळ द्यावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९७२ साली लूना आली. १९८० साली टीव्हीएस ५० आली. पायंडल मारून सुरू होणाऱ्या या गाड्यांनी दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे आणि भाजीच्या पाट्या वाहून नेल्या. त्या गाड्यांना नंबरप्लेट होती, आरसी बुक होते, चालवायला लायसन लागत होते. ही वाहने मोटार वाहन कायद्याखाली येतात, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

आता परिस्थिती थोडी गुंतागुंतीची झाली आहे. बॅटरीवर चालणारी सायकल आली आहे. दिसायला स्कूटर, पण 'लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही' असे सांगून विकली जाणारी गाडी आली आहे. जुन्या सायकलीला जोडायचे मोटारीचे किट मिळू लागले आहे. काही हुशार तरुण तर ग्रासकटरचे इंजिन काढून सायकलीला बसवितात आणि गावातून फेरी मारतात. त्यांच्या कल्पकतेचे कौतुक जरूर करावे. परंतु ती गाडी डांबरी रस्त्यावर आणण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे. मोटार बसल्यावर ही सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहिली, की ती मोटार वाहन झाली? या एका प्रश्नाच्या उत्तरावर लायसन, नोंदणी आणि विमा अवलंबून आहे. प्रसंग आलाच, तर आपली जमीनसुद्धा त्यावर अवलंबून असते. ते कसे, हे पुढे सांगतो.

कायद्याने आखलेली रेघ

आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू आहे. त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ केलेले आहेत. सायकल आणि मोटार वाहन यांच्यामधली रेघ या दोन्हींत आखलेली आहे.

प्रथम बॅटरीच्या वाहनाचे पाहू. बॅटरीवर चालणारे वाहन पुढील अटी पूर्ण करीत असेल, तर ते मोटार वाहन मानले जात नाही :

१) मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी. ही शक्ती म्हणजे मोटार सलग तीस मिनिटे देऊ शकते ती शक्ती होय.

२) वाहनाचा जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा.

३) बॅटरी वगळून वाहनाचे वजन ६० किलोपेक्षा अधिक नसावे.

४) पायंडल मारताना मदत करणारी सायकल असेल, तर वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत पोहोचताच किंवा पायंडल मारणे थांबताच मोटारीची मदत बंद झाली पाहिजे. अशा सायकलीला योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, म्हणजे रिफ्लेक्टर, असावा.

या अटींच्या वर आणखी एक अट आहे आणि तीच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे सर्व कोणीतरी तोंडी सांगून चालत नाही. नियमात नेमून दिलेल्या चाचणी संस्थेने त्या नमुन्याची तपासणी करून तसे प्रमाणित केलेले असले पाहिजे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही अशीच एक संस्था आहे.

आपण प्रमाणित बियाणे घेताना पिशवीवरचा निळा टॅग पाहतो, लॉट नंबर पाहतो, पावती घेतो. दुकानदाराने 'बी चांगले आहे' म्हटले म्हणून आपण नुसत्या शब्दावर पिशवी उचलत नाही. तोच रिवाज येथेही ठेवावा. 'लायसन लागत नाही' असे दुकानदार म्हणाला, तर त्या नमुन्याच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागावी. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर गाडी घेऊ नये.

आता पेट्रोलच्या इंजिनाचे पाहू. चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपेक्षा अधिक नाही अशा क्षमतेचे इंजिन असलेले वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेले आहे. २५ सीसीच्या वरचे इंजिन बसले की ते वाहन व्याख्येत आले. ग्रासकटरची इंजिने बाजारात सर्रास ४३ किंवा ५२ सीसीची मिळतात. म्हणजे असे इंजिन बसविलेली सायकल ही कायद्याने मोटार वाहन झाली, मग तिला पायंडल असो वा नसो.

आपली गाडी कोणत्या रांगेत बसते?

वर सांगितलेले नियम लावले म्हणजे गावातल्या गाड्यांच्या चार रांगा पडतात.

पहिल्या रांगेत पायंडलला मदत करणारी प्रमाणित ई-सायकल येते. दुसऱ्या रांगेत कमी वेगाची प्रमाणित ई-स्कूटर येते. या दोन्हींना नोंदणी आणि लायसन लागत नाही.

तिसऱ्या रांगेत नोंदणी झालेल्या मोपेड आणि स्कूटर येतात. जुनी लूना, टीव्हीएस एक्सएल १००, २०२४ साली आलेली बॅटरीची ई-लूना ही सर्व या रांगेतली. यांना नंबरप्लेट, आरसी, विमा आणि लायसन चारही गोष्टी हव्यात. बॅटरीच्या खासगी गाडीची नंबरप्लेट हिरवी असते आणि तिच्यावर पांढरी अक्षरे असतात.

चौथी रांग सर्वांत धोक्याची. घरी किंवा गॅरेजमध्ये २५ सीसीपेक्षा मोठे इंजिन किंवा जास्त शक्तीची मोटार बसविलेली सायकल या रांगेत येते. तसेच मुळात दुसऱ्या रांगेतली, पण नंतर 'वेग वाढवून' घेतलेली ई-स्कूटरही येथेच येते. अशी गाडी मोटार वाहन तर झाली, परंतु तिची नोंदणी होऊ शकत नाही. कारण नोंदणीसाठी त्या नमुन्याला आधी चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि हाताने जोडलेल्या गाडीला ती नसते. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. सार्वजनिक रस्त्यावर तिला जागाच नाही.

वेग वाढविण्याच्या या प्रकाराकडे मी आपले मुद्दाम लक्ष वेधतो. काही गाड्या २५ च्या आतल्या म्हणून विकल्या जातात आणि नंतर एखादी वायर काढून किंवा कंट्रोलर बदलून ४०-४५ च्या वेगाने पळविल्या जातात. अशा गाड्यांविरुद्ध मे २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन विभागाने तपासणी मोहीम काढली होती. वायर ज्या दिवशी निघाली, त्या दिवशी त्या गाडीची सवलत संपली. ती विनानोंदणी मोटार वाहन झाली आणि चालविणारा विनालायसन चालक झाला. मोटार वाहनात परवानगीशिवाय फेरफार केल्याबद्दल मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. विनालायसन चालविल्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंतचा दंड वेगळा.

पंचवीसचीच मर्यादा का?

आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल की हा आकडा सरकारी कचेरीत बसून कोणीतरी ठरविला. तसे नाही. त्यामागे साधे गणित आहे.

साधा माणूस साधी सायकल ताशी १५ किलोमीटरच्या आसपास चालवितो. सायकलीचा सांगाडा, चिमटा, रिम, स्पोक आणि ब्रेकची रबरे याच वेगाचा विचार करून केलेली असतात. आता त्याच सायकलीला मोटार बसवून वेग ४५ केला. वेग तिप्पट झाला. परंतु चालत्या गाडीतला जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट. ब्रेक मात्र तेच राहिले.

समजा १५ च्या वेगाने जाताना ब्रेक दाबल्यापासून सायकल ३ मीटरवर थांबते. त्याच ब्रेकने ४५ च्या वेगाला तिला २७ मीटर लागतील. शिवाय समोर काही आले हे डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद जातो. त्या एका सेकंदात १५ च्या वेगाने सायकल सुमारे ४ मीटर जाते आणि ४५ च्या वेगाने साडेबारा मीटर. म्हणजे एकूण ७ मीटरवर थांबणारी सायकल आता ४० मीटरच्या जवळपास जाऊन थांबणार. एवढ्या अंतरात बांधावरून रस्त्यावर आलेली शेळी, शाळेतून सुटलेले पोर, वळण घेणारी बैलगाडी, काहीही येऊ शकते.

पावसात तर हे अंतर आणखी वाढते. रिमवर दाबणारी रबरे ओल्या रिमवर घसरतात. मोटार पुढच्या चाकाच्या तुंब्यात बसविलेली असेल, तर तिचा पीळ सायकलीच्या चिमट्यावर येतो. साध्या सायकलीचा चिमटा तो पीळ सोसण्यासाठी केलेला नसतो. आसाचे नट सैल झाले, तर चालत्या गाडीचे चाक निसटते. पेट्रोलच्या इंजिनाची कंपने सांगाड्याचे जोड हळूहळू खिळखिळे करतात. चीर वरून रंगाखाली दिसत नाही. ती मोडल्यावरच कळते.

म्हणून यंत्राची जोड हवीच असेल, तर मुळात त्यासाठीच बनविलेली आणि तपासलेली गाडी घ्यावी. जुन्या सायकलीला मोटार जोडून चार पैसे वाचविणे ही बचत नव्हे.

विमा नसेल तर वसुली कोठून होते?

आता मघाशी राहिलेली जमिनीची गोष्ट. कृपया ही नीट ऐकावी.

मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवायचे, तर त्याचा त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्रयस्थ पक्ष म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होते तो दुसरा माणूस. विमा नसताना गाडी चालविली, तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. पुष्कळ जण एवढाच हिशोब करतात आणि म्हणतात, 'सापडलो तर भरू दोन हजार.' हा हिशोब अपुरा आहे.

आपल्या गाडीची धडक लागून एखादा कमावता माणूस दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्याचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते. मृताचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून न्यायाधिकरण भरपाई ठरविते. ती काही लाखांत सहज जाते. गाडीचा विमा असेल, तर ती रक्कम विमा कंपनी भरते. विमा नसेल, तर ती मालकाने भरायची.

मालकाने भरली नाही तर? अधिनियमाचे कलम १७४ पाहावे. त्यानुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. जमीन महसुलाची थकबाकी कशी वसूल होते, हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. नोटीस येते, जप्ती येते आणि शेवटी लिलावही येऊ शकतो. दहा-पंधरा हजारांच्या किटपायी वाडवडिलांची जमीन पणाला लावायची का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पहिल्या दोन रांगांतल्या प्रमाणित गाड्यांना विमा सक्तीचा नाही. म्हणून जबाबदारी नाही असे मात्र समजू नये. साध्या सायकलस्वारानेही बेदरकारपणे दुसऱ्याला इजा केली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा होतो आणि भरपाईचा दिवाणी दावाही होऊ शकतो. २५ सीसीच्या आतले इंजिन बसविलेल्या सायकलीलाही हेच लागू आहे.

स्वतःच्या कुटुंबाचाही विचार करावा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. परंतु रस्त्यावरचा अपघात असेल आणि शेतकरी स्वतः मोटार वाहन चालवीत असेल, तर प्रस्तावासोबत वाहन चालविण्याचा वैध परवाना मागितला जातो. लायसन काढण्याचा कंटाळा केला, म्हणून मागे राहिलेल्या घरधनिणीने कचेरीचे उंबरे झिजवावेत, हे बरे नाही. याशिवाय बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. घरातल्या प्रत्येक पात्र माणसाचा हा विमा काढावा.

पोरांच्या हाती गाडी

दहावी-अकरावीच्या मुलाला तालुक्याच्या शाळेत जायला एसटी वेळेवर मिळत नाही, म्हणून आपण त्याच्या हाती गाडी देतो. अडचण खरी आहे. तरीही कायदा काय म्हणतो ते जाणून घ्यावे.

मोटार वाहन चालविण्यास १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी १६ वर्षे पूर्ण झाल्यावर, रीतसर लायसन काढून, चालविता येते. टीव्हीएस एक्सएल १०० सारखी गाडी या सवलतीत बसत नाही, कारण तिचे इंजिन ५० सीसीपेक्षा मोठे आहे.

वय पूर्ण नसलेल्या मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. पंचविशीपर्यंत लायसन नाही म्हणजे ट्रॅक्टर नाही, टेम्पो नाही आणि ड्रायव्हरची नोकरीही नाही.

मुलाला गाडी द्यायचीच असेल, तर पहिल्या रांगेतली प्रमाणित ई-सायकल द्यावी. तीसुद्धा रस्त्याचे नियम शिकवून, हेल्मेट घालून आणि वायरींना हात न लावण्याची ताकीद देऊन.

ओझे, रात्र आणि पावसाळा

दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसवावा, असा कायदा आहे. ओझ्याविषयी मात्र आपण फार सैल आहोत. ४० लिटर दुधाचे वजन ४१ किलोच्या आसपास भरते, किटलीचे वेगळे. हे सारे मागच्या आसाच्या मागे टांगले की पुढचे चाक हलके होते, हँडल हातात राहत नाही आणि पुढचा ब्रेक नीट धरत नाही. गाडीच्या पुस्तकात किती ओझे चालते हे लिहिलेले असते. त्याच्या आत राहावे. दोन्ही बाजूंना सारखे वजन ठेवावे. वैरणीचा भारा आडवा बांधून अर्धा रस्ता अडवू नये. कासरा, धोतराचा सोगा, पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी हवीच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातले होते. शहरातली गर्दी पाहून आपल्याला तिथला रस्ता धोक्याचा वाटतो, पण माणसे जास्त मरतात ती आपल्या गावांकडच्या मोकळ्या रस्त्यांवर. हेल्मेट नसल्याने त्याच वर्षी ५०,००० हून अधिक माणसे गेली, असे तोच अहवाल सांगतो.

मोटार वाहनाच्या वर्गातल्या दुचाकीवर चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. त्यावर आयएसआय चिन्ह असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. ई-सायकलला कायद्याची सक्ती नसली, तरी डोके तेच आहे आणि डांबरही तेच आहे.

उसाच्या हंगामात विशेष जपावे. रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीला पुष्कळदा मागचा दिवा नसतो. समोरच्या वाहनाच्या उजेडाने डोळे दिपले की ती ट्रॉली दिसतच नाही. अशा वेळी वेग आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतकाच ठेवावा. आपल्या गाडीला मागे लाल रिफ्लेक्टर लावावा आणि बैलगाडी, ट्रॉली यांनाही लावावा. ई-सायकलीला आवाज नसतो. म्हणून पायी चालणाऱ्यांच्या आणि जनावरांच्या जवळून जाताना घंटी वाजवावी.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग यांवर दुचाकीला बंदी आहे. समृद्धीच्या पलीकडे शेत असले तरी कुंपण ओलांडून जाऊ नये. भुयारी रस्त्यानेच जावे.

आणखी दोन गोष्टी. दारू पिऊन गाडी चालविणे गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कीटकनाशकाची फवारणी करून आल्यावर डोके गरगरत असेल, मळमळत असेल, डोळ्यांपुढे अंधुक दिसत असेल, तर त्या स्थितीत गाडीवर बसणेही तितकेच धोक्याचे आहे. अशा वेळी दुसऱ्याने गाडी चालवून त्या माणसाला दवाखान्यात न्यावे.

बॅटरीची निगा

बॅटरी चार्ज करताना गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा. उन्हातून आल्याबरोबर तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, ती आधी निवू द्यावी. कडब्याची गंजी, पेट्रोलचा डबा किंवा खतांची पोती यांच्याजवळ चार्जिंग करू नये. रात्री सर्व झोपलेले असताना, दाराच्या वाटेत बॅटरी चार्जिंगला ठेवू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी घरी उघडू नये. ती अधिकृत दुरुस्ती केंद्रातच दाखवावी. गाडी धुताना फवारणी पंपाचा जोरदार फवारा मोटारीवर आणि जोडांवर मारू नये.

अपघात झालाच तर

१) गाडी बाजूला घ्यावी आणि १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर मदत बोलवावी. पळून जाऊ नये. जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळविणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

२) आपण नुसते वाटसरू असाल आणि जखमीला दवाखान्यात नेलेत, तर कायदा आपल्याला संरक्षण देतो. आपले नाव सांगण्याची सक्ती होत नाही. पोलिसांच्या भीतीने जखमीला रस्त्यावर टाकून जाऊ नये.

३) मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला, ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार, नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात याची चौकशी अवश्य करावी.

गाडी घेताना लक्षात ठेवावे

१) लायसन लागत नाही असे सांगितल्यास चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी.

२) पावतीवर गाडीचा नमुना, मोटारीची शक्ती, चेसिस नंबर आणि बॅटरीचा नंबर लिहून घ्यावा.

३) 'वेग वाढवून देतो' असे म्हणणाऱ्याला गाडी हात लावू देऊ नये.

४) नोंदणीची गाडी असेल, तर नंबर आणि विमा हाती आल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये. जुनी गाडी घेतल्यास आरसी आपल्या नावावर करून घ्यावी.

५) दर पंधरा दिवसांनी ब्रेक, आसाचे नट, स्पोक आणि हवा तपासावी. मोटारीच्या दुचाकीला सायकलीपेक्षा अधिक निगा लागते.

बंधू-भगिनींनो, यंत्र शेतकऱ्याचे कष्ट वाचविते. पायंडल मारून वाकलेल्या गुडघ्यांना बॅटरीची सायकल मोठा आधार आहे आणि ती आपल्या गावांत यावी, असे माझे मत आहे. फक्त ती रीतसर यावी. ज्यांनी अगोदरच किट बसविले आहे किंवा वायर काढून वेग वाढविला आहे, त्यांनी घरी गेल्यावर ती गाडी पूर्ववत करून घ्यावी, किंवा निदान ती शेताच्या कुंपणाबाहेर काढू नये. ज्यांचे लायसन राहिले आहे, त्यांनी शिकाऊ लायसनचा अर्ज या आठवड्यातच करावा. आणि ज्यांच्या गाडीच्या विम्याची तारीख उलटून गेली आहे, त्यांनी ती आज घरी पोहोचताच पाहून घ्यावी.